मागच्या चाकाची मोटार : परवडणारी पहिली गाडी आणि घसरणीचे कौशल्य
(हर्सूल परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर शहराच्या दिल्ली दरवाजातून उत्तरेकडे निघणारा रस्ता हर्सूलला पोहोचतो, तेथून सावंगी ओलांडून चौक्याच्या घाटात शिरतो आणि फुलंब्री, सिल्लोडमार्गे अजिंठ्याचा डोंगर उतरून खानदेशात जातो. बुऱ्हाणपूर व त्यापलीकडील उत्तर हिंदुस्थानाशी दख्खनचा संबंध राखणाऱ्या जुन्या वाटांपैकी ही एक वाट. सैन्य, व्यापारी, यात्रेकरू आणि पुढे अजिंठ्याची लेणी पाहण्यास येणारे प्रवासी हर्सूलवरूनच गेले. हर्सूलचे नाव आज मध्यवर्ती कारागृह, तलाव आणि हर्सिद्धी देवीचे मंदिर यांमुळे लोकांच्या तोंडी आहे. मोटारीच्या इतिहासात मात्र या गावाची नोंद कोणी घेतलेली नाही. ती घेण्याजोगी आहे, कारण सपाट काळ्या रानातून एकदम वळणावळणाच्या चढावर जाणारा हा रस्ता मोटार शिकणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात एक प्रश्न विचारतो : गाडीचे मागचे चाक सुटले तर काय करावयाचे?

जपानमध्ये याच प्रश्नातून एक क्रीडाप्रकार जन्मास आला. त्याला ड्रिफ्ट म्हणतात. वळणावर गाडीची मागची बाजू हेतुपुरस्सर घसरू द्यावयाची, पुढची चाके वळणाच्या उलट दिशेस फिरवावयाची आणि गाडी आडवी ठेवूनच वळण पार करावयाचे, असे या क्रीडेचे स्वरूप आहे. गेल्या दोन दशकांत आपल्याकडील महाविद्यालयीन तरुणांनाही तिचे आकर्षण वाटू लागले असून 'शिकण्यासाठी स्वस्तातली पहिली गाडी कोणती घ्यावी' हा प्रश्न त्यांच्या बोलण्यात वारंवार येतो. वरकरणी हा छंदाचा व हौसेचा प्रश्न दिसतो. परंतु त्याचे उत्तर व्यक्तीच्या आवडीने ठरत नाही. एखाद्या देशाने कोणत्या काळी कोणत्या प्रकारच्या मोटारी बनविल्या, त्या कोणाला परवडल्या आणि त्या वाया जाण्याची भीती कोणाला किती होती, यांवर ते ठरते. प्रस्तुत लेखात हा प्रश्न महाराष्ट्राच्या, विशेषतः मुंबई, पुणे व औरंगाबाद येथील मोटारनिर्मितीच्या इतिहासाच्या आधारे तपासला आहे.

घसरणीचे यंत्रशास्त्र

रबरी चाक रस्त्याला जेवढे धरून ठेवू शकते त्याला मर्यादा असते. ही पकड गाडीला पुढे ढकलणे, थांबविणे आणि वळविणे या तिन्ही कामांत वाटली जाते. पुढच्या चाकांना इंजिनाची शक्ती देणाऱ्या गाडीत ढकलण्याचे आणि वळविण्याचे अशी दोन्ही कामे पुढच्याच चाकांवर पडतात. वेग अधिक झाला की ती वळण सोडून सरळ जाऊ पाहतात. अनुभवी चालक अशा वेळी म्हणतात, 'गाडी वळत नाही'. मागच्या चाकांना शक्ती देणाऱ्या गाडीत कामांची वाटणी झालेली असते. पुढची चाके दिशा देतात, मागची ढकलतात. वळणावर ॲक्सिलरेटर दाबला तर मागच्या चाकांची पकड प्रथम संपते आणि गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जातो. त्याच क्षणी स्टिअरिंग उलट फिरवून व ॲक्सिलरेटर कमी-जास्त करून ही घसरण आटोक्यात ठेवता येते. ड्रिफ्टचे सारे शास्त्र एवढ्यात आले. सराव मात्र वर्षानुवर्षांचा.

यावरून शिकाऊ गाडीच्या अटी आपोआप निश्चित होतात. शक्ती मागच्या चाकांना मिळाली पाहिजे. वजन कमी आणि शक्ती पुरेशी हवी. हँडब्रेक हाताने ओढण्याचा व मागच्या चाकांवर चालणारा हवा. मागच्या दोन्ही चाकांना एकाच वेळी शक्ती देणारे मर्यादित घसरणीचे डिफरेन्शियल असावे, कारण साध्या डिफरेन्शियलमध्ये आतले, हलके झालेले चाक नुसतेच फिरत राहते. शेवटची अट यंत्राची नसून अर्थशास्त्राची आहे : गाडी अशी हवी की ती कुंपणाला घासली, टायर महिन्यात झिजले, तरी घरात शोक होऊ नये. ही शेवटची अट इतर सर्व अटींवर मात करते असे इतिहास दाखवितो.

जपानमध्ये १९७० च्या दशकाच्या आरंभी कुनिमित्सु ताकाहाशी यांनी निसान स्कायलाइन मोटार शर्यतीत घसरवत वळणे घेण्याची रीत रूढ केली. हे ताकाहाशी मूळचे मोटारसायकलपटू. १९६१ मध्ये ग्रां प्री जिंकणारे ते पहिले जपानी स्वार होते. त्यांचे अनुकरण करीत केइची त्सुचिया यांनी डोंगरी रस्त्यांवर हे कौशल्य कमावले आणि १९८७ मध्ये निघालेल्या 'प्लस्पाय' या चित्रफितीमुळे ते जपानभर पोहोचले. त्सुचियांची गाडी होती टोयोटाची एई ८६. मे १९८३ मध्ये टोयोटाने कोरोला मालिकेतील सर्वसाधारण मोटारी पुढच्या चाकांच्या करून टाकल्या, पण त्याच मालिकेतील लेव्हिन व ट्रुएनो ही दोनदारी रूपे जुन्या, मागच्या चाकांच्या पद्धतीवर ठेवली. १५८७ घनसेंमीचे सोळा व्हॉल्व्हचे इंजिन आणि साडेनऊशे किलोच्या आत-बाहेर वजन. जपानमध्ये मोटारींची सक्तीची नियतकालिक तपासणी महाग असल्याने जुन्या गाडीची किंमत झपाट्याने उतरते. त्यामुळे चार-सहा वर्षांत ही गाडी गॅरेजात काम करणाऱ्या तरुणाच्याही आवाक्यात आली. शुइची शिगेनो यांच्या १९९५ साली सुरू झालेल्या 'इनिशियल डी' या चित्रमालिकेने तिला दंतकथेचे रूप दिले. त्या मालिकेतील नायक आपल्या वडिलांच्या टोफूच्या दुकानाची माल पोहोचविण्याची गाडीच चालवितो, ही बाब भारतीय वाचकास विशेष जवळची वाटावी. २००१ पासून जपानमध्ये डी-वन ग्रां प्री नावाने आणि २००४ पासून अमेरिकेत फॉर्म्युला ड्रिफ्ट या नावाने या क्रीडेच्या स्पर्धामालिका होऊ लागल्या.

टंचाईच्या काळातील गाडी

आता महाराष्ट्राकडे वळू. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे मोटारींची जुळणी सुरू केली. त्या काळातील बहुतेक मोटारी मागच्या चाकांच्याच होत्या. हा त्या वेळच्या अभियांत्रिकीचा सामान्य नियम होता. निजाम राज्यात, ज्यात औरंगाबादचा समावेश होता, मोटारीचे सामान्य माणसाला घडलेले पहिले दर्शन प्रामुख्याने बसचे होते. १९३२ मध्ये निजामाच्या रेल्वेने रस्ते वाहतूक विभाग सुरू केला. तो २७ बसगाड्यांनिशी सुरू झालेला शासकीय बससेवेचा देशातील आरंभीचा प्रयोग मानला जातो. खाजगी मोटार ही जहागीरदार, अधिकारी व मोजके व्यापारी यांचीच राहिली.

१९४४ मध्ये वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ पासून क्रायस्लर कंपनीच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. सोलापुरात जन्मलेल्या या उद्योजकाने जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही वाहनांच्या निर्मितीस हात घातला, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या शिफारशीनंतर देशात प्रत्यक्ष उत्पादनाचा कार्यक्रम नसलेल्या परदेशी कंपन्यांना गाशा गुंडाळावा लागला. फोर्ड व जनरल मोटर्स निघून गेल्या. उरल्या त्या प्रामुख्याने हिंदुस्थान मोटर्सची ॲम्बॅसडर, मद्रासची स्टँडर्ड आणि कुर्ल्याची फियाट. तिन्ही मागच्या चाकांच्या. म्हणजे ड्रिफ्ट शिकण्याची पहिली यांत्रिक अट त्या काळी भारतातील प्रत्येक मोटारमालक नकळत पूर्ण करीत होता!

शेवटची अट मात्र कोणीच पूर्ण करीत नव्हता. १९५९ च्या नियंत्रण आदेशाने मोटारींचे वितरण व विक्री शासनाच्या देखरेखीखाली आली. १९६९ पासून किमतीही शासन ठरवू लागले. त्या किमतींना आव्हान देणारा प्रीमियर ऑटोमोबाइल्स विरुद्ध भारत सरकार हा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९७१ मध्ये त्याचा निकाल लागला. किंमत कागदावर कमी, पण गाडी मिळण्यास वर्षानुवर्षांची प्रतीक्षा, अशी ती अवस्था होती. प्रतीक्षेनंतर मिळालेली नवी गाडी बाजारात लगेच अधिक किमतीस विकता येई. जुनी गाडी नवीपेक्षा महाग, ही विपरीत स्थिती जेथे असेल तेथे गाडी घसरविण्याचा खेळ जन्मणे शक्यच नव्हते. जपानी तरुणाच्या हाती जुनी एई ८६ आली, कारण बाजाराने तिला टाकून दिले होते. भारतीय बाजाराने त्या काळी काहीही टाकून दिले नाही.

फियाट ११०० मालिकेतील गाडीस १९७० च्या दशकाच्या मध्यापासून पद्मिनी हे नाव मिळाले. १०८९ घनसेंमीचे इंजिन, सुमारे ४० अश्वशक्ती, स्टिअरिंगच्या दांड्यावर बसविलेला गिअरचा दांडा, मागे लोखंडी पाट्यांच्या स्प्रिंगवर टेकलेला अखंड आस आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक. वजन एई ८६ पेक्षा फारसे निराळे नाही. शक्ती तिच्या एक तृतीयांशाहून कमी. कोरड्या डांबरी रस्त्यावर पद्मिनीचे मागचे चाक केवळ इंजिनाच्या जोरावर सुटणे कठीण होते. पहिल्या पावसात, ओल्या डांबरावर किंवा मराठवाड्याच्या काळ्या चिकण मातीवर मात्र ते सहज सुटे. काळ्या मातीचा रस्ता भिजला की बैलगाडीही आडवी होते, मग मोटारीची काय कथा! जीप, ट्रक व टॅक्सी चालविणाऱ्यांना मागची बाजू सावरण्याचे ज्ञान या रस्त्यांनीच दिले. 'ब्रेकवर पाय ठेवू नको, घसरेल तिकडेच स्टिअरिंग फिरव' हा उस्तादाने क्लीनरला द्यावयाचा धडा आहे. जपानमध्ये ज्याला क्रीडेचे नाव मिळाले ते येथे चालकवर्गाचे व्यवसायकौशल्य होते. त्याची नोंद ना पाठ्यपुस्तकात झाली, ना वर्तमानपत्रात. भारतीय मोटार इतिहासलेखनाने कारखानदार व धोरणकर्ते यांच्याकडे जेवढे लक्ष दिले त्याच्या दशांशही चालकाकडे दिलेले नाही, हे येथे नमूद करणे भाग आहे.

हौशी शर्यती नव्हत्या असे नाही. मुंबईत जुहू विमानतळाच्या धावपट्टीवर आणि मद्रासजवळ शोलावरम येथे सुधारलेल्या फियाट, ॲम्बॅसडर व हेराल्ड गाड्या धावत. मात्र त्यांत भाग घेणारा वर्ग संस्थानिक, उद्योगपती आणि सुस्थितीतील अभियंते यांचा होता.

या काळातील एका गाडीचा स्वतंत्र उल्लेख आवश्यक वाटतो. १९८५ मध्ये प्रीमियरने ११८ एनई ही मोटार आणली. बांधा फियाट १२४ चा, इंजिन निसानचे ११७१ घनसेंमीचे, शक्ती पन्नास अश्वशक्तीहून थोडी अधिक, गिअरचा दांडा जमिनीवर आणि चाके मागचीच. इटालियन सांगाडा व जपानी इंजिन यांचा कुर्ल्यात झालेला हा संकर. महाराष्ट्रात बनलेल्या स्वस्त गाड्यांपैकी एई ८६ च्या कल्पनेस सर्वांत जवळ जाणारी गाडी हीच होती. तिचे दुर्दैव एवढेच की ती दोन वर्षे उशिरा आली.

१९८३

१४ डिसेंबर १९८३ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी पहिल्या मारुती ८०० च्या किल्ल्या ग्राहकाच्या हाती दिल्या. किंमत पन्नास हजार रुपयांच्या आसपास, नोंदणी लाखाहून अधिक. ७९६ घनसेंमीच्या या गाडीची शक्ती पुढच्या चाकांना होती. एकाच वर्षात, सात महिन्यांच्या अंतराने, जपानमध्ये मागच्या चाकांची शेवटची स्वस्त कोरोला आणि भारतात पुढच्या चाकांची पहिली लोकप्रिय स्वस्त मोटार बाजारात यावी, हा योगायोग बोलका आहे. जपानने एका पद्धतीचा निरोप घेताना तिचा थोडा अंश तरुणांसाठी शिल्लक ठेवला. भारतात अशी सोय झाली नाही.

मारुतीने जे केले ते सामान्य कुटुंबाच्या दृष्टीने हिताचेच होते. इंजिन आडवे बसविल्याने आतली जागा वाढली, पाठीमागे शक्ती नेणारा दांडा नाहीसा झाल्याने वजन व किंमत उतरली, ओल्या रस्त्यावर गाडी अधिक भरवशाची झाली. अननुभवी चालकाच्या चुकीला ती क्षमा करते. मोटार ड्रायव्हिंग स्कूलांनी ती डोळे झाकून स्वीकारली आणि १९९० नंतर मोटार शिकलेल्या बहुसंख्य लोकांनी मागच्या चाकाचे सुटणे कधी अनुभवलेच नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत परवान्याच्या चाचणीत चढावर गाडी सुरू करणे, मागे घेणे, तातडीने थांबविणे अशा बाबी आहेत. घसरलेली गाडी सावरण्याची चाचणी त्यांत नाही. पूर्वी क्लीनर म्हणून वर्षे काढणारा चालक हे ज्ञान अनौपचारिकपणे मिळवीत असे. नव्या परवानाधारकाला ते कोठूनही मिळेनासे झाले.

मारुतीनेच बनविलेल्या दोन गाड्या मात्र याला अपवाद होत्या. १९८४ ची व्हॅन, जी पुढे ओम्नी म्हणून ओळखली गेली, तिचे इंजिन पुढच्या आसनाखाली व शक्ती मागच्या चाकांना होती. १९८५ ची जिप्सी ही तर देशातील रॅली व ऑटोक्रॉस स्पर्धांची जवळजवळ अधिकृत गाडीच बनली. चारचाकी शक्तीची ही गाडी दोनचाकी अवस्थेत मागच्या चाकांवर धावे. नाशिक येथे वेस्टर्न इंडिया स्पोर्ट्स असोसिएशनने रॅलीची जी परंपरा जोपासली तिच्यात मातीच्या रस्त्यावर आडव्या होऊन जाणाऱ्या जिप्सी हे नेहमीचे दृश्य होते. ड्रिफ्टची मराठी मुळे शोधावयाची तर ती मुंबईच्या डांबरी रस्त्यांपेक्षा नाशिकच्या धुळीत अधिक सापडतील.

कुर्ल्याचा ऱ्हास यानंतर लवकर झाला. प्रीमियरने प्युजो व फियाट यांच्याशी भागीदारी करून आणलेल्या गाड्या पुढच्या चाकांच्या होत्या. कामगारांशी झालेले वाद आणि भांडवलाची चणचण यांत त्याही टिकल्या नाहीत. पद्मिनीचे उत्पादन शतक उलटता उलटता थांबले. कोंटेसाही त्याच सुमारास बंद झाली. मुंबईतील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात झाली होती. टॅक्सीसाठी असलेली वीस वर्षांची मुदत संपल्याने ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ती रस्त्यावरून गेली. पद्मिनी खऱ्या अर्थाने स्वस्त झाली ती तिची निर्मिती थांबल्यावर. त्या वेळी ती घसरविण्यास घेणारा तरुण मारुतीवर वाढला होता, आणि जी सुस्थितीत उरली ती संग्राहकांच्या हाती जाऊन पुन्हा महाग झाली.

एक लाखाची गाडी, वाळूज आणि शेंद्रा

१० जानेवारी २००८ रोजी टाटा मोटर्सने नॅनो सादर केली. एक लाख रुपयांच्या या गाडीचे अभियांत्रिकी काम पुण्यात झाले. प्रकल्पाचे प्रमुख गिरीश वाघ हे मराठी अभियंता होते. ६२४ घनसेंमीचे इंजिन मागे, शक्ती मागच्या चाकांना, वजन सहाशे किलोच्या घरात. कागदावर पाहता जगातील सर्वांत स्वस्त मागच्या चाकाची नवी मोटार पुण्यातच आकारास आली. परंतु तिचे टायर पाहिले असता अभियंत्यांचा हेतू स्पष्ट होतो. पुढचे टायर १३५ मिलिमीटर रुंदीचे व मागचे १५५ मिलिमीटरचे. वजन मागे असलेल्या गाडीची शेपूट अनपेक्षित सुटू नये म्हणून मागची पकड मुद्दाम वाढविलेली होती. स्कूटरवरून चौघांनी प्रवास करणाऱ्या कुटुंबासाठी योजलेल्या गाडीने घसरू नये, हे योग्यच होते. सिंगूरहून साणंदला गेलेल्या या गाडीचे उत्पादन २०१८ नंतर थांबले.

औरंगाबादची कथा याहून रंजक आहे. १९८५ पासून बजाज ऑटोचा वाळूज येथील कारखाना सुरू झाला आणि शहराची ओळख दुचाकी-तिचाकीचे शहर अशी बनली. मराठवाड्यातील शेकडो घरांत स्कूटर हेच पहिले वाहन होते. मोटारीचे उत्पादन शहरात आले ते २००१ मध्ये, शेंद्रा येथे स्कोडाच्या ऑक्टेव्हियाने. ती पुढच्या चाकांची आणि मध्यमवर्गाच्या आवाक्याबाहेरची होती. वाळूजने पुढे क्यूट हे छोटे चारचाकी बनविले. २०१२ मध्ये आरई ६० या नावाने सादर झालेले हे वाहन बऱ्याच न्यायालयीन व प्रशासकीय वादांनंतर २०१९ मध्ये महाराष्ट्रात अडीच लाख रुपयांच्या आसपास विक्रीस आले. २१६ घनसेंमीचे इंजिन मागे, शक्ती मागच्या चाकांना, कमाल वेग ताशी ७० किलोमीटर. कायद्याने ते मोटार नसून 'क्वाड्रिसायकल' आहे. हर्सूलपासून एका तासाच्या आत पोहोचता येईल अशा ठिकाणी मागच्या चाकाचे स्वस्त चारचाकी बनत असूनही ते या कामास निरुपयोगी, ही इतिहासाची थट्टाच म्हणावी.

याच शहरात ऑक्टोबर २०१० मध्ये व्यापारी व उद्योजकांच्या एका गटाने एकाच वेळी १५० मर्सिडीझ-बेंझ मोटारी खरेदी केल्या. व्यवहार सुमारे ६५ कोटी रुपयांचा होता आणि त्यासाठी भारतीय स्टेट बँकेने सात टक्के व्याजाने कर्ज दिले. देशभर गाजलेल्या या खरेदीचा अर्थ वैभवाचे प्रदर्शन, ट्रॅक्टरपेक्षा मोटारीस स्वस्त मिळणारे कर्ज, सामूहिक सौदेबाजीची ताकद अशा अनेक अंगांनी लावला गेला. एका अंगाकडे मात्र कोणाचे लक्ष गेले नाही. त्या कंपनीच्या सेडान मोटारी परंपरेने मागच्या चाकांच्या आहेत. मागच्या चाकाची मोटार ही जी १९८३ पर्यंत सर्वांची होती, ती २०१० पर्यंत श्रीमंतांची खूण बनली होती. भारतात मोटारीची वर्गरचना किमतीने, रंगाने व बिल्ल्याने ठरते असे समजले जाते. ती कोणत्या चाकाला शक्ती मिळते यानेही ठरते.

आजची निवड आणि कायदा

हर्सूल टी-पॉइंटवर उभे राहून एखाद्या विद्यार्थ्याने आज हा प्रश्न विचारला तर त्याच्यापुढे कोणते पर्याय आहेत? जपानमधून जुनी गाडी आणणे अशक्यप्राय, कारण तीन वर्षांपेक्षा जुनी मोटार आयात करता येत नाही आणि नव्यावरील शुल्क व कर मिळून किंमत दुपटीच्या पुढे जाते. नव्या स्वस्त गाड्यांत मागच्या चाकाची म्हणून मारुतीची ईको उरते. परंतु ती उंच व अरुंद आहे. आडवी झाल्यावर घसरण्याऐवजी उलटण्याचा धोका अधिक. नाशिकच्या महिंद्र कारखान्यातील बोलेरोस हाच आक्षेप लागू होतो. २०२३ च्या जानेवारीत आलेली मागच्या चाकाची थार सुरुवातीस दहा लाखांच्या किंचित खाली होती. 'परवडणारी' हा शब्द तिला लावणे धाडसाचे ठरेल. विजेवरील मोटारींनी मागच्या चाकाला पुन्हा दिवस आणले आहेत. २०२३ ची एमजी कॉमेट आणि चाकणला बनणाऱ्या महिंद्रच्या नव्या विद्युत मोटारी मागच्या चाकांवर चालतात. पण त्यांतील संगणक घसरण सुरू होताच शक्ती तोडतो. उरतात वापरलेल्या जुन्या जर्मन मोटारी. त्यांची खरेदीची किंमत नव्या छोट्या गाडीएवढी उतरलेली असते, हे खरे. पहिल्याच दुरुस्तीत मात्र त्या आपली मूळ किंमत आठवून देतात. यांत्रिक दृष्टीने त्या योग्य, आर्थिक दृष्टीने फसव्या. या यादीत शिकाऊसाठी त्यातल्या त्यात समंजस निवड कोणती, असे विचारले तर उत्तर द्यावे लागेल : सुस्थितीतील जुनी जिप्सी, आणि तीही मातीच्या मैदानावर. मातीत कमी शक्ती पुरते, वेग कमी राहतो, टायर टिकतात आणि चूक सावरण्यास वेळ मिळतो.

यातील 'मैदानावर' हा शब्द सर्वांत महत्त्वाचा आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १८४ धोकादायक चालविण्यास व कलम १८९ राज्य शासनाच्या लेखी संमतीविना सार्वजनिक ठिकाणी शर्यत वा वेगाची चाचणी करण्यास शिक्षा सांगते. २०१९ च्या दुरुस्तीने या शिक्षा वाढविल्या. कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत बदल करता येत नाही आणि जानेवारी २०१९ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद काटेकोर लावली. ड्रिफ्टसाठी डिफरेन्शियल जोडून घट्ट करणे वा निराळा हँडब्रेक बसविणे म्हणजे ती गाडी रस्त्यावर आणण्याचा हक्क गमावणे होय. कायद्याचा रोख चुकीचा नाही. हर्सूलच्या रस्त्यावर कारागृहाच्या भेटीस आलेली कुटुंबे असतात, नवरात्रात देवीच्या दर्शनास जाणारे पायी भाविक असतात, शाळेची मुले असतात. अजिंठा रस्त्याचे चौपदरीकरण दीर्घकाळ रखडले होते, त्या काळात येथील प्रवाशांनी पुष्कळ सोसले. रुंद झालेला रस्ता वेगाचा मोह वाढवितो आणि घसरत्या गाडीची शेपूट किती जागा व्यापते याचा अंदाज शिकाऊला नसतो. जपानमध्येही डोंगरी रस्त्यांवरील रात्रीच्या ड्रिफ्टने बळी घेतले आणि पोलिसी कारवाईनंतरच हा खेळ बंदिस्त मार्गांवर आला, ही बाजू चित्रफितींमधून दिसत नाही.

बंदिस्त मार्ग मात्र दूर आहेत. मोटारशर्यतींचे मान्यताप्राप्त मार्ग चेन्नईजवळ, कोइमतूर येथे आणि ग्रेटर नोएडात आहेत. इंदूरजवळील पिथमपूर येथे २०२१ मध्ये खुला झालेला ११.३ किलोमीटरचा अतिवेगवान चाचणीमार्ग व तेथील घसरणचाचणीची सोय उद्योगासाठी आहे. हर्सूलला त्यातल्या त्यात जवळचे म्हणजे अहिल्यानगर येथील वाहन संशोधन व विकास आस्थापनेचे चाचणीमार्ग. अंतर सुमारे ११५ किलोमीटर, पण तेही संरक्षण संशोधनाच्या अखत्यारीतील. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन १९६६ पासून गाड्या तपासते, चालक नव्हे. ज्या जिल्ह्यात चार दशके वाहने बनत आहेत, जेथे बिडकीन येथे कारखाना उभारण्याचा करार जुलै २०२४ मध्ये एई ८६ बनविणाऱ्या टोयोटाच्याच भारतीय कंपनीने राज्य शासनाशी केला, त्या जिल्ह्यातील तरुणास घसरलेली गाडी सावरण्याचा सराव करण्यासाठी पाणी मारलेला एक फरशीचा चौकोन उपलब्ध नाही. अभियांत्रिकी महाविद्यालये दरवर्षी विद्यार्थ्यांकडून छोट्या शर्यतीच्या गाड्या बनवून घेतात व त्या इतरत्र नेऊन पळवितात. त्यांच्या आवारातील मोकळ्या जागा मात्र एरवी वाहनतळ म्हणूनच वापरल्या जातात. कलम १८९ मधील शासकीय संमतीची तरतूद केवळ शर्यतीच्या आयोजकांसाठी लिहिली गेली असे समजण्याचे कारण नाही. तिचा अर्ज परिवहन विभागाकडे एखादे महाविद्यालयही करू शकते.